केळ्यांचं गाणं

आपल्याकडे भोंडल्याची गाणी संपल्याशिवाय खिरापतीच्या डब्याचं झाकण उघडत नाही, आणि उघडण्याआधी आत काय आहे ते ओळखावं लागतं. वेड्या नवऱ्याच्या गाण्यात बायकोने केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो. ऐकताना हसू येतं. पण कष्टाने केलेल्या पदार्थाची घरात काय किंमत होती, हेही त्यातून कळतं. गाण्यात खाणं आलं की त्यामागे काळ उभा असतो, हे मला तिथे प्रथम जाणवलं. जर्मनीत आल्यावर मी इथल्या गाण्यांकडेही त्याच नजरेने पाहू लागलो. (बाखने १७३४च्या सुमारास लाइपझिगमध्ये कॉफीवर एक अख्खा कँटाटा रचला आणि तो त्सिमरमानच्या कॉफीगृहाशी जोडला जातो, हे पाहिल्यावर खाण्यापिण्यावर गाणं रचणं इथे कमीपणाचं मानलं जात नव्हतं, याची खात्री पटली.)

इथल्या खाद्यगीतांत मला सर्वांत अस्वस्थ करतं ते केळ्यांचं गाणं. मूळ गाणं अमेरिकन, १९२३ सालचं. फळवाला सांगतो, केळी नाहीत, बस्स. त्याच वर्षी फ्रिट्झ लोहनर-बेडा या गीतकाराने त्याचं जर्मन रूप केलं, 'आउसगेरेख्नेट बनानेन'. प्रेयसीला मटार नको, शेंगा नकोत, टरबूज नको, तिला नेमकी केळीच हवीत, अशी प्रियकराची तक्रार. गाणं सगळीकडे वाजलं. आणि ते वर्ष कसलं! नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, आणि बर्लिनमध्ये पावाच्या एका लादीला सुमारे २० हजार कोटी. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळपर्यंत कागद होऊन जाई. ज्या लोकांना पाव घेणं कठीण झालं होतं, ते नाचघरात केळी मागणाऱ्या प्रेयसीवर हसत होते. मला हा योगायोग वाटत नाही. रडून काही मिळणार नाही हे ठरलं की माणूस अशीच गाणी म्हणतो.

हा लोहनर-बेडा १८८३ साली बोहेमियात जन्मलेला, व्हिएन्नात वाढलेला ज्यू. लेहारच्या ऑपेरेटांसाठी त्याने गाणी लिहिली. १९२९ साली बर्लिनमध्ये रंगमंचावर आलेल्या 'दास लांड डेस लेशेल्न्स'चा तो एक लेखक. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्याला लगेच अटक झाली. आधी डाखाउ, मग बुखनवाल्ड. तिथल्या अधिकाऱ्याने छावणीसाठी गाणं मागितलं, तेव्हा शब्द त्याने लिहिले आणि चाल हेर्मान लेओपोल्डीने दिली. कैदी ते गात कामावर जात. लेओपोल्डी सुटून अमेरिकेला गेला. लोहनर-बेडा आउश्वित्झजवळच्या मोनोविट्झला पोचला. तिथे ईगे फारबेन या रसायन कंपनीचा कारखाना उभा राहत होता. न्यूरेंबर्गच्या खटल्यातल्या एका साक्षीनुसार, कंपनीचे संचालक पाहणीला आले असताना एकाने त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, हा नीट काम करत नाही. त्यानंतर त्याला मारहाण झाली. ४ डिसेंबर १९४२ रोजी तो मेला. लेहारच्या ऑपेरेटा मात्र नाझी काळातही होत राहिल्या.

मी अभियंता आहे. कारखान्याची पाहणी, कामाचा वेग, माणसामागे उत्पादन, हे शब्द माझ्याही रोजच्या वापरातले. म्हणून केळ्यांचं गाणं इथे कुठल्या जत्रेत वाजलं की मला ते पूर्ण ऐकवत नाही.

युद्धानंतर खाण्याचा सूर बदलला. पश्चिम जर्मनीत रेशनिंग १९५० साली संपलं आणि पुढच्या दशकात लोक इतके खाऊ लागले की त्या काळाला खाण्याची लाट असंच नाव पडलं. १९७६ साली उडो युर्गेन्सचं 'आबर बिट्टे मिट झाने' आलं. केकच्या दुकानात रोज जमणाऱ्या बायका मलईसकट खात राहतात आणि एकेक करून मरतात. भुकेची आठवण असलेल्या पिढीवरची ही थट्टा त्याच पिढीने टाळ्या वाजवून स्वीकारली. करीवुर्स्ट तर भुकेच्या दिवसांतलंच. बर्लिनच्या हेर्टा हॉयवरने ४ सप्टेंबर १९४९ रोजी सॉसेजवर टोमॅटो आणि करी पावडरचा सॉस घातला, असं तीच सांगत असे. ('करी' पावडर नावाचा मसाला माझ्या आजीने जन्मात पाहिला नव्हता, ती इंग्रजांची करामत.) १९८२ साली ग्र्योनमायरने त्यावर गाणं गायलं, तेही ऱ्हूरच्या बोलीत. तिथल्या कामगारांना खाणं म्हणजे काय, हे त्यात बरोबर आलं आहे.

मात्र आपल्यासारख्यांच्या जवळचं गाणं १९७४ सालचं, 'ग्रीशिशर वाइन'. शब्द मिखाएल कुन्झेचे. १९६० साली ग्रीसशी करार करून जर्मनीने तिथले कामगार आणले आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबवली. गाण्यात ते एका गुत्त्यात बसून आपल्या गावाची वाइन पितात आणि पुरेसे पैसे साठले की परत जायचं ठरवतात. जर्मन मंडळी आज हातात हात घालून, डोलत ते म्हणतात. ग्रीक कामगारांपैकी बरेचसे परत गेले. जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी जर्मनांसाठी खानावळी काढल्या, आणि तिथे अजूनही जेवणानंतर न मागता उझोचा छोटा पेला येतो.