डोळ्यातले रक्त आणि एक नाणेफेक

#थ्रेड

१/ घोडेगाव, तालुका नेवासा. अशा गावातल्या मधुमेही माणसाला नेत्रतज्ज्ञ ‘अँजिओग्राफी’ सांगतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न उमटतो : डोळ्याच्या दुखण्याला हृदयाची तपासणी कशाला? वस्तुतः ही तपासणी डोळ्याचीच. तिचा हा इतिहास.

२/ १८५१ साली हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्राची ओळख करून दिली आणि जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या प्रत्यक्ष दिसू लागल्या. वाहिन्या दिसत, त्यांतला प्रवाह मात्र टिपता येत नसे.

३/ १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फॉन बायर याने फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य तयार केले. निळा प्रकाश पडताच ते हिरवट पिवळे चमकते. १८८२ मध्ये पॉल एर्लिखने सशांच्या डोळ्यांतील द्रवाचा प्रवाह अभ्यासण्यासाठी ते वापरले.

४/ १९६०. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरॉल्ड नोवॉटनी आणि डेव्हिड अॅल्विस या दोन तरुणांनी युक्ती योजली : कॅमेऱ्याच्या फ्लॅशपुढे निळी गाळणी, फिल्मपुढे हिरवी. परतणारा निळा प्रकाश अडेल, केवळ रंगद्रव्याची चमक फिल्मवर उमटेल.

५/ पण सुई प्रथम कोणी टोचून घ्यायची? नाणेफेक झाली. अॅल्विस हरला आणि त्याच्याच दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले गेले.

६/ नेत्रवैद्यकाच्या प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा निबंध नाकारला. १९६१ मध्ये तो ‘सर्क्युलेशन’ या हृदय व रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. म्हणजे घरच्यांचा तो प्रश्न अगदीच अस्थानी नव्हे!

७/ या शोधाने काय साधले? निरोगी दृष्टिपटलाच्या वाहिन्या हे द्रव्य बाहेर झिरपू देत नाहीत. मधुमेहाने त्या जर्जर झाल्या की गळती चमकून उठते. रक्त न पोहोचलेला भाग काळा राहतो. लेसर नेमका कोठे मारावा, हे त्यातून उमगले.

८/ एक मर्यादा उरली. हे द्रव्य रक्तद्रवात मिसळते; सुटी रक्तपेशी त्यात दिसत नाही. पुढे रॉबर्ट फ्लॉवर व सहकाऱ्यांनी लाल पेशींतच इंडोसायनिन ग्रीन भरून एकेका पेशीची वाटचाल टिपली.

९/ तपासणीनंतर त्वचा काही तास पिवळसर दिसते, लघवी एक-दोन दिवस गडद पिवळी होते. ती कावीळ नव्हे. बायरचे रंगद्रव्य शरीराचा निरोप घेत असते.

(समाप्त)