भूकंपाची खोली दर वेळी '१० किलोमीटर'च का?

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी काही मिनिटांच्या अंतराने रिश्टर स्केलवर ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदीत तिन्हींची खोली एकच होती : १० किलोमीटर. असा सारखा आकडा वाचून वाचक बुचकळ्यात पडतो.

खोली कशी ठरते?
भूकंपाचे अक्षांश, रेखांश, वेळ आणि खोली या चार गोष्टी प्राथमिक व दुय्यम लहरी निरनिराळ्या केंद्रांवर केव्हा पोहोचल्या, त्यावरून काढतात. त्यांत खोली सर्वांत अवघड. सर्व केंद्रे दूर असतील, तर भूकंप थोडा खोल व थोडा नंतर झाला, की थोडा उथळ व थोडा आधी, हे नोंदींवरून वेगळे करता येत नाही. अशा वेळी खोली गृहीत धरून उरलेले गणित सोडवितात. उथळ भूकंपांसाठी सामान्यतः १० किलोमीटर धरतात. जुन्या जागतिक नोंदींत ३३ किलोमीटर हा आकडा वारंवार आढळतो. म्हणून प्राथमिक वृत्तातील नेमका '१०' हा आकडा मोजलेलाच असेल, असे मानू नये. सविस्तर विश्लेषणानंतर तो बदलू शकतो.

कोयनेचे वेगळेपण
११ डिसेंबर १९६७ च्या विनाशकारी भूकंपानंतर कोयना परिसराचा सातत्याने अभ्यास झाला. तेथे भूकंपमापकांचे दाट जाळे असून काही यंत्रे सुमारे दीड किलोमीटर खोल विवरांत बसविण्यात आली. गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर खणण्यात आले. केंद्रे जवळ असल्याने तेथील खोलीचे आकडे अधिक भरवशाचे ठरतात. बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले असतात.

पिंपरी-चिंचवडकरांसाठी अर्थ
कोयनानगर पिंपरीपासून सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर, तर चाकणपासून सुमारे १५० किलोमीटर आहे. तेथील भूकंप ५ किलोमीटर खोल असो वा १५, पिंपरीपासूनच्या अंतरात एक किलोमीटरचाही फरक पडत नाही. केंद्रबिंदूच्या थेट वरच्या गावाला मात्र हे अंतर तिप्पट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात उथळ केंद्र आणि दगड-मातीची घरे यांमुळेच हानी वाढली. म्हणून येथील उंच इमारती व कारखान्यांसाठी दूरच्या धक्क्याच्या खोलीपेक्षा त्याची तीव्रता, अंतर आणि बांधकामाचा दर्जा महत्त्वाचा ठरतो.