‘लुसिटानिया’ जहाजबुडीतून बचावलेली प्रवासी : लेडी ऱ्होंडा यांच्या अनुभवाचे व कार्याचे ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

जहाजबुडीच्या इतिहासलेखनात बचावलेल्या प्रवाशांच्या वाट्याला बहुधा साक्षीदाराचीच भूमिका येते. जहाज कसे बुडाले, नौका कशा सोडल्या गेल्या, याविषयीच्या त्यांच्या जबान्या बारकाईने तपासल्या जातात. किनाऱ्याला लागल्यानंतरचे त्यांचे आयुष्य मात्र दुर्लक्षित राहते. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने बुडविलेल्या ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावरून वाचलेल्या मार्गारेट मॅकवर्थ, म्हणजेच पुढील काळातील लेडी ऱ्होंडा, यांचे चरित्र या दृष्टीने उद्‌बोधक आहे. संकटकाळी स्त्रियांना सौजन्यापोटी मिळणारे संरक्षण आणि कायद्याने मिळणारा समान हक्क यांतील अंतर त्यांच्या आयुष्यातून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात या अंतराचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

मार्गारेट यांचा जन्म १८८३ मध्ये लंडन येथे झाला. त्यांचे वडील डी. ए. थॉमस हे दक्षिण वेल्समधील मोठे कोळसा खाणमालक व लिबरल पक्षाचे संसद सदस्य होते. १९०८ मध्ये हम्फ्री मॅकवर्थ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या जहाल संघटनेत सामील झाल्या. १९१३ मध्ये न्यूपोर्ट येथील एका टपालपेटीला आग लावल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. अस्क येथील तुरुंगात त्यांनी अन्नत्याग केला व काही दिवसांतच त्यांची सुटका झाली. वडिलांच्या उद्योगसमूहातही त्या त्यांच्या विश्वासू सहकारी म्हणून काम पाहत होत्या.

हा काळ ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतरचा होता. १९१२ मधील त्या दुर्घटनेत ‘स्त्रिया व मुले आधी’ हे तत्त्व बऱ्याच प्रमाणात पाळले गेले होते. त्याचा आधार घेऊन मताधिकाराच्या विरोधकांनी असा युक्तिवाद केला की, पुरुषांचे औदार्य स्त्रियांचे प्राण वाचविण्यास समर्थ असेल, तर त्यांना मताची गरज काय? ज्यांना समानता हवी, त्यांनी नौकेतील राखीव जागेचा आग्रह धरू नये, असेही सुचविले गेले. अशा रीतीने जीवरक्षक नौकेतील जागा हा राजकीय वादाचा विषय बनला होता.

दुर्घटना

१९१५ च्या वसंत ऋतूत थॉमस व्यवसायानिमित्त अमेरिकेस गेले, तेव्हा मार्गारेट त्यांच्यासोबत होत्या. परतीच्या प्रवासासाठी दोघे ‘लुसिटानिया’वर चढले. वडिलांचे सचिवही त्यांच्याबरोबर होते. जहाजाने न्यूयॉर्क सोडले त्याच दिवशी, १ मे रोजी, युद्धक्षेत्रातील ब्रिटिश जहाजांतून प्रवास करणाऱ्यांना सावध करणारी जर्मन वकिलातीची सूचना वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. तरीही जहाजावर सुमारे १९६० जण होते.

७ मे रोजी दुपारी २ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ओल्ड हेड ऑफ किन्सेल या भूशिराजवळ ‘यू-२०’ या पाणबुडीचा पाणतीर जहाजाच्या उजव्या बाजूवर आदळला. पाठोपाठ दुसरा स्फोट झाला. त्याच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अवघ्या १८ मिनिटांत जहाज बुडाले. जहाजावर ४८ जीवरक्षक नौका असल्या तरी जहाज उजवीकडे कलल्यामुळे डावीकडच्या नौका सुरक्षितपणे खाली सोडणे जवळजवळ अशक्य झाले. केवळ सहा नौका यशस्वीपणे सोडता आल्या. सुमारे १२०० जणांचा मृत्यू झाला.

मार्गारेट यांनी या प्रसंगाचे सविस्तर वर्णन १९३३ च्या ‘धिस वॉज माय वर्ल्ड’ या आत्मचरित्रात केले आहे. जहाजबुडीच्या वेळी सारे काही शिस्तीने होते, अशी त्यांची पूर्वकल्पना होती. प्रत्यक्षात नौकांकडे धावणाऱ्या गर्दीत सशक्त माणसे पुढे गेली आणि दुबळी बाजूला ढकलली गेली. त्या लोंढ्यात मुले दिसतच नव्हती, असे त्या नमूद करतात. एक नौका तिरपी होऊन त्यातील माणसे समुद्रात पडताना त्यांनी पाहिली. स्वतः नौकेत जागा मिळविण्याचा प्रयत्न न करता त्या डेकवर उभ्या राहिल्या आणि जहाजाबरोबर पाण्याखाली ओढल्या गेल्या. वर आल्यावर एका लहानशा फळीचा आधार त्यांना मिळाला. पुढे त्यांची शुद्ध हरपली. दरम्यान वेताची एक खुर्ची तरंगत त्यांच्या खाली आली आणि तिच्यामुळेच त्या शोधणाऱ्यांच्या नजरेस पडल्या. ‘ब्लूबेल’ या मासेमारी नौकेवर त्यांना आणले गेले, तेव्हा त्या मृत असल्याचाच समज झाला होता. रात्री क्वीन्सटाउन बंदरात त्यांची वडिलांशी भेट झाली. वडील व सचिव दोघेही बचावले होते.

‘ब्लूबेल’वरील एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. जहाजाचे कप्तान टर्नर यांनाही त्याच नौकेवर आणण्यात आले होते. आपले मूल गमावलेल्या एका मातेने त्यांना तोंडावर सुनावले की, जहाजावर व्यवस्था व शिस्त नव्हती आणि म्हणूनच आपल्या मुलाचा बळी गेला. जुलै १९१५ मध्ये लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीने सर्व दोष जर्मनीवर ठेवून कप्तानांना निर्दोष ठरविले. जबाबदारीचा जो प्रश्न त्या मातेने उपस्थित केला, तो अधिकृत निष्कर्षात उमटला नाही. एका सहप्रवासी स्त्रीच्या आत्मकथनामुळे तो टिकून राहिला.

साधनाचे मूल्यमापन

हे आत्मकथन घटनेनंतर १८ वर्षांनी प्रसिद्ध झाले, याची जाणीव अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे. शिवाय गर्दीचे वर्णन करणारी व्यक्ती पहिल्या वर्गाची प्रवासी होती आणि ज्या गर्दीचे ती वर्णन करते, ती प्रामुख्याने खालच्या वर्गातील प्रवाशांची होती. सामाजिक अंतराची छाया त्या वर्णनावर पडलेली असणे शक्य आहे.

मात्र त्यांच्या निरीक्षणाचा गाभा स्वतंत्र पुराव्याशी जुळतो. दोन्ही जहाजांवरील प्रवाशांच्या नोंदींचा एक तौलनिक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तास चाळीस मिनिटांत बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर स्त्रिया वाचण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते, ‘लुसिटानिया’वर स्त्रियांना तसा ठळक लाभ झाला नाही, तर १६ ते ३५ या वयोगटातील व्यक्ती वाचण्याची शक्यता अधिक राहिली. मार्गारेट त्या वेळी ३१ वर्षांच्या होत्या. सौजन्याचा नियम पाळण्यासाठी वेळ व व्यवस्था लागते. ती नसताना तो नियम निरुपयोगी ठरतो, हे यावरून दिसून येते.

उत्तरकार्य व हक्काचा लढा

या अनुभवाने आपली स्वतःविषयीची धारणा बदलली, असे मार्गारेट यांनी लिहिले आहे. प्रत्यक्ष मृत्यूसमोर आपण डगमगलो नाही, या जाणिवेने त्यांना आत्मविश्वास दिला. तथापि त्यांचे पुढील सर्व कार्य या एकाच घटनेचे फलित मानणे योग्य ठरणार नाही; त्यांची वैचारिक बैठक तुरुंगवासापूर्वीच तयार झाली होती.

युद्धकाळात त्यांनी स्त्रियांच्या राष्ट्रीय सेवा भरतीचे काम केले. १९१८ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर विशेष तरतुदीनुसार ‘व्हायकाउंटेस ऱ्होंडा’ हे उमरावपद त्यांच्याकडे आले. १९२० मध्ये त्यांनी ‘टाइम अँड टाइड’ हे साप्ताहिक सुरू केले. १९२१ मध्ये स्थापन केलेल्या ‘सिक्स पॉइंट ग्रुप’ने विधवा व अविवाहित मातांना संरक्षण, पालकत्वाचा समान हक्क, शिक्षकांना समान वेतन अशा मागण्या पुढे आणल्या. १९२६ मध्ये त्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ डायरेक्टर्स’च्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा लढा हाउस ऑफ लॉर्ड्समधील आसनासाठी होता. लिंगभेदावर आधारित अपात्रता दूर करणाऱ्या १९१९ च्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी सभागृहात बसण्याचा हक्क मागितला. १९२२ मध्ये विशेषाधिकार समितीने प्रथम अनुकूल मत दिले; परंतु लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड यांच्या विरोधानंतर विस्तारित समितीने ही मागणी फेटाळली. पद वारशाने मिळाले, आसन मात्र स्त्री असल्यामुळे नाकारले गेले. १९५८ च्या कायद्याने स्त्रियांना आजीव उमरावपदाद्वारे सभागृहात प्रवेश मिळाला, पण त्याच वर्षी जुलैमध्ये, पहिल्या महिला सदस्यांनी आसन ग्रहण करण्यापूर्वीच, लेडी ऱ्होंडा यांचे निधन झाले. वारसाहक्काने उमरावपद मिळालेल्या स्त्रियांना हा अधिकार १९६३ मध्ये लाभला. २०२४ मध्ये न्यूपोर्ट येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

निष्कर्ष

लेडी ऱ्होंडा यांचे प्राण वाचले, ते नौकेत स्त्रियांसाठी राखलेल्या जागेमुळे नव्हे. फळी, तरंगती खुर्ची, तरुण वय आणि योगायोग यांनी त्यांना तारले. औदार्यावर विसंबलेले संरक्षण आणीबाणीत कोसळू शकते, हे ‘लुसिटानिया’च्या डेकवर दिसले, स्पष्ट शब्दांत न मांडलेला कायदाही सत्ताधाऱ्यांच्या अर्थनिर्णयापुढे दुबळा ठरतो, हे १९२२ मध्ये सिद्ध झाले. म्हणूनच समान हक्क निःसंदिग्ध कायद्यात व सक्षम व्यवस्थेत उतरविणे अपरिहार्य ठरते. बचावलेल्या प्रवाशांचा इतिहास किनाऱ्यापाशी थांबवू नये, तर त्यांच्या उर्वरित आयुष्याचाही मागोवा घ्यावा, ही अभ्यासदृष्टी या उदाहरणातून अधोरेखित होते.