दोन लगाम

जिभेला लगाम, खर्चाला लगाम! फारसीतून आलेला हा शब्द मराठीत असा धाकाचाच होऊन बसला. लहानपणी आमचे टांगेवाले चाचा मात्र म्हणत, "लगाम आपल्या हातात दिसतो बेटा, पण असतो घोड्याच्या तोंडात."

ग्रीक लेखक झेनोफन याला हे ठाऊक होते. इसवी सनपूर्व ४०१ मध्ये इराणी राजपुत्र सायरसबरोबर गेलेल्या ग्रीक फौजेला परत आणणाऱ्यांत तो होता. पुढे अश्वविद्येवरील पुस्तकात त्याने सांगितले, की स्वाराजवळ निदान दोन लगाम असावेत. एकाच्या तोंडातल्या चकत्या मोठ्या, गुळगुळीत. दुसऱ्याच्या जड, काटेरी. काटेरी लगाम दातांत धरला, की टोचतो. घोडा तो सोडतो. त्यावर शिकलेले मग तो गुळगुळीत लगामावर सुखाने करतो. दोन्ही लगाम लवचीक हवेत. ताठ लगाम घोडा पकडून बसतो. आणि घोड्याने डौलात मान उचलली, की स्वाराने हात सैल करावा. जबरीने करवलेल्या कामात समज नसते आणि सौंदर्यही नसते, असे त्याचे मत.

चाचांनी झेनोफनचे नाव ऐकले नव्हते. पण चढ संपला, की तेही लगाम सैल सोडून घोड्याला शाबासकी देत.