कलिंग किनाऱ्यावरील बिनशंखाची गोगलगाय

शंखशिंपले संग्रहालयाच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. परंतु शंख नसलेल्या आणि कल्ले अंगावर उघडे वागवणाऱ्या समुद्री गोगलगायी, म्हणजे न्यूडिब्रँक गटातील मृदुकाय प्राणी, मद्यार्कात घालताच आक्रसतात आणि त्यांचा रंग उडतो. त्यामुळे छायाचित्रण रुळेपर्यंत त्यांची ओळख बव्हंशी चित्रकाराच्या हातावरच अवलंबून राहिली.

भारतातील या अभ्यासाच्या आरंभकाळात मद्रास मुलकी सेवेतील वॉल्टर एलियट (1803–1887) याचे नाव ठळक आहे. पेशवाई बुडून सहा वर्षे होतात न होतात तोच, 1824 मध्ये, ‘दक्षिण मराठा मुलुख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धारवाड भागात नेमणुकीस असताना तो कित्तूरच्या उठावात कैद झाला होता. पुढे उत्तर सरकार प्रांताचा आयुक्त म्हणून काम करताना त्याने विशाखापट्टणमजवळील वाल्टेरच्या किनाऱ्यावरून या गोगलगायी गोळा केल्या आणि स्थानिक चित्रकाराकडून त्यांची रंगीत चित्रे काढवून घेतली. हा ऐवज न्यूकॅसलच्या जोशुआ आल्डर व अल्बनी हॅन्कॉक यांच्याकडे गेला आणि 1864 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शीर्षकात मान मिळाला तो संग्राहकाला. वास्तविक रंगांचा खरा साक्षीदार चित्रकार होता.

याच निबंधातून ‘कलिंगा ऑर्नाटा’ ही जाती प्रथम शास्त्रात आली. तिचे अंग पांढुरके व अर्धपारदर्शक असून त्यावर नारिंगी-तांबड्या टोकांचे उंचवटे असतात. वाळू-चिखलाच्या तळावर राहणारी ही गोगलगाय तारामाशांचे जवळचे नातलग असलेल्या, लांब व ठिसूळ बाहूंच्या प्राण्यांना खाते. इतर अनेक न्यूडिब्रँक स्पंज किंवा तत्सम एका जागी चिकटलेल्या प्राण्यांवर जगत असल्याने हा आहार विशेषच म्हणावा लागेल. शिवाय तिच्या अंगी प्रकाश निर्माण करण्याचीही क्षमता आहे.

 भारतातील या गोगलगायींच्या अभ्यासात पुढेही भर पडली: गुजरातेतील द्वारकेच्या जिल्ह्यातील पोशित्रा येथून 2014 मध्ये ‘अँटिओलिडिएला पोशित्रा’ ही नवी जाती वर्णिली गेली, आणि तिच्या नामकर्त्यांत युरोपीय-अमेरिकी संशोधकांबरोबर भावे आणि साळुंखे ही दोन मराठी आडनावे आहेत.