स्वप्नातले घड्याळ

कुडाळ तालुक्यातल्या वालावलला तळ्याकाठी लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. या भागातल्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो आणि आख्यानातली कित्येक वर्षे एका रात्रीत सरतात. स्वप्नातही आपण क्षणात वर्षे जगतो का?

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. योगवासिष्ठातला लवण राजा जादूगाराच्या प्रभावाखाली दरबारात थोडाच वेळ निश्चल बसतो; तेवढ्यात तो दुसरे दीर्घ आयुष्य भोगून येतो. युरोपात आल्फ्रेद मोरी या फ्रेंच विद्वानाने १८६१ च्या पुस्तकात आपले स्वप्न सांगितले. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याच्यावर खटला चालला, गिलोटीनचे पाते मानेवर पडले आणि जाग आली. प्रत्यक्षात पलंगाचा एक भाग मानेवर पडला होता! म्हणजे एवढे लांबलचक स्वप्न त्या एका क्षणात घडले, असे त्याने मानले. पुढे अनेकांनी ते खरे धरले. पण मोरी तेव्हा आजारी होता आणि त्या झोपेत घड्याळ लावून कोणी बसले नव्हते.

ते घड्याळ शिकागोत सापडले. झोपेत ठरावीक काळ डोळ्यांची बुबुळे भराभर हलतात, हे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवले. १९५७ मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन यांनी ही हालचाल सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी माणसांना उठवले आणि विचारले, "स्वप्न किती वेळ चालले होते? पाच मिनिटे की पंधरा?" १११ पैकी ९२ उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने निम्मीच आली असती.

१९८० च्या दशकात स्टीफन लाबर्ज यांनी 'हे स्वप्न आहे' असे स्वप्नातच ओळखणाऱ्यांना मनात दहा सेकंद मोजायला लावले. सुरुवातीची व शेवटची खूण डोळ्यांनी करायची होती. मोजायला साधारण जागेपणीइतकाच वेळ लागला. पुढच्या काही प्रयोगांत तर स्वप्नातल्या बैठकांना जागेपणीपेक्षा जास्त वेळ लागला.

मग वर्षे सरल्यासारखे का वाटते? दशावतारात राजाचे एक वाक्य बोलायला वाक्याइतकाच वेळ लागतो. वर्षे सरतात ती दोन प्रवेशांच्या मधे. स्वप्नातही बहुधा असेच होत असावे. प्रसंग आपल्या गतीने चालतो, मधला काळ मात्र गाळला जातो.

मोरीचा अनुभव खोटा नव्हता. त्याने काढलेला निष्कर्ष तपासलेला नव्हता. अनुभव आणि निष्कर्ष यांतला हा फरक विद्यार्थ्यांना दाखवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही. स्वप्ने तर वर्गातल्या प्रत्येकालाच पडतात.