वऱ्हाडचे खट्याळ देव

2009 साली टीव्हीवर आलेल्या ‘लिटल कृष्णा’ या कार्टून मालिकेतला कृष्ण लोणी चोरतो, राक्षस मारतो आणि गोड हसतो. तो सगळा वृंदावनातला. वऱ्हाडाच्या वाट्याला आलेला कृष्ण वयाने मोठा आणि वागायला जास्त अडचणीचा: भरल्या लग्नघरातून नवरी पळवून नेणारा.

वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. लग्न शिशुपालाशी ठरले होते, देवीच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णाने रथात घातले. ते देऊळ म्हणजे आपल्या गावची अंबादेवीच, असे अमरावतीकर ठामपणे सांगतात. कौंडिण्यपूरपर्यंतच्या भुयाराचीही कथा सांगतात. हरण म्हटले तरी बोलावणे तिचेच होते, पत्र तिनेच धाडले होते. त्यामुळे या चोरीचा दोष कृष्णाकडे फारसा जात नाही. दोष जातो तो पुढच्या प्रकाराबद्दल. पाठलाग करत आलेल्या रुक्मीला, म्हणजे सख्ख्या मेहुण्याला, त्याने बांधले आणि दाढीमिशा, केस वेडेवाकडे भादरून विद्रूप केले. भागवतात यावर बलराम धाकट्या भावाला चांगलाच सुनावतो. देवाची कानउघाडणी करायला कथेने घरातलाच माणूस ठेवला आहे.

हरलेल्या रुक्मीचेही नाव वऱ्हाडाने पुसले नाही. तोंड दाखवायला तो कौंडिण्यपुरात परतला नाही, भोजकट नावाचे नगर वसवून राहिला. अमरावतीजवळचे भातकुली ते हेच, असे मानतात. पुराण बाजूला ठेवले तरी भोजकट हे नाव इतिहासात पक्के आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात ‘भोजकट राज्या’चा उल्लेख आहे. ज्याचा पचका झाला, त्याच्या गावावरून अख्खा मुलूख ओळखला जात होता.

दुसरा खट्याळ देव मात्र चालता-बोलता माणूस होता. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, उर्फ गुंडम राऊळ, तेराव्या शतकातले. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ आणि चक्रधर यांच्याबरोबर त्यांची गणना होते. चक्रधरांना ज्ञानशक्ती मिळाली ती यांच्याकडूनच, अशी पंथाची श्रद्धा. आणि हे परमेश्वर करीत काय? बाजारात दुकानदाराच्या पुढ्यातला खाऊ उचलत. कुणाच्याही घरात शिरून मडक्यात हात घालत. पोरांमध्ये पोर होऊन खेळत, भांडत. चिडले की शिव्या देत, वेळेला हातही उगारत. गाव त्यांना वेडे म्हणे आणि तेच गाव त्यांना आपले मायबापही मानी.

एकदा त्यांना लग्नाची लहर आली. भक्तांनी खरोखर मांडव घातला, आणि शिष्या महदाइसेला राऊळांनी धवळे म्हणजे लग्नगीते गायला सांगितले. तिने विषय घेतला रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचा. मराठीच्या आद्य कवयित्रीची रचना आपल्याला मिळाली ती एका लहरीपायी.

हा उच्छाद लोकांनी सोसला, कारण त्याला दुसरी बाजू होती. राऊळ महार-मांगांच्या घरात जात आणि त्याच पायांनी ब्राह्मणांच्या घरी येत. विटाळाची तक्रार झाली, तरी त्यांचे पाऊल थांबले नाही. मातंगांना पाण्यासाठी विहिरीची जागा दाखवल्याची लीळाही आहे. जो दुकानदाराची मालकी मानत नव्हता, तो जातीची रेघही मानत नव्हता. एकाच बेफिकिरीतून चोरीही झाली आणि समताही.

तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. राऊळ जन्माने काण्व ब्राह्मण होते. मांगवाड्यातल्या एखाद्या पोराने त्याच दुकानातला तोच खाऊ उचलला असता, तर गावाने त्याला लीळा म्हटले नसते. खोडकरपणा लाडका ठरायला खोडकराचे कूळही लागते. शिवाय दुकानदाराचे नुकसान झाले ते झालेच.

हे आज म्हणता येते ते चरित्रकार म्हाइंभटामुळे. सुमारे 1274 साली चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्यांसह शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेला आले. म्हाइंभटाने तिथे आधी चक्रधरांच्या ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या आणि गोविंदप्रभूंच्या निधनानंतर ‘ऋद्धिपूरचरित्र’ रचले, त्यात 300हून अधिक लीळा. गडी भक्त होता, पण लेखणीने चोपदारासारखा नाही वागला. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठायचे, विचारायचे, आठवणी जुळल्या नाहीत तर ‘वासना’ म्हणून निरनिराळे पाठ नोंदवायचे, ही त्याची रीत. त्यामुळे शिवी शिवीच राहिली, चापट चापटच. नंतरच्या किती चरित्रकारांनी आपल्या दैवताला असे धुळीने माखलेले राहू दिले असते, शंकाच आहे.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि बुलडाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे वाङ्मय वाचकांपुढे आणले. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. 2024 मध्ये त्याला पहिले कुलगुरूही मिळाले.